गाडीच्या चाकाशी मोजलेली मुले

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरातल्या मुलांना घेऊन एका वॉटर पार्कला गेलो होतो. तिकीट खिडकीशेजारी लाकडाचा एक जिराफ उभा केलेला होता आणि त्याच्या मानेवर लाल रंगाची आडवी रेघ ओढलेली होती. डोके रेघेच्या खाली राहिले तर अर्धे तिकीट, वर गेले तर पूर्ण. आमच्या पुढे उभा असलेला एक मुलगा चप्पल काढून जिराफाला पाठ लावून ताठ उभा राहिला. उन्हाने तापलेल्या फरशीवर त्याचे तळवे पोळत असावेत, कारण तो एकदा हा पाय, एकदा तो पाय उचलत होता. पण मान मात्र त्याने मुळीच खाली घेतली नाही. डोके रेघेच्या किंचित वर गेले होते. "गुडघे जरा वाकव की," वडील दबक्या आवाजात म्हणाले. मुलाने एकदा वडिलांकडे, एकदा खिडकीकडे पाहिले आणि गुडघे वाकवले. खिडकीतल्या माणसाने हसून अर्धे तिकीट फाडले, रांगेतले आम्ही सगळेच हसलो, आणि तो मुलगा मोठे झाल्याचा आनंद हिरावून घेतल्यासारखा चेहरा करून आत गेला. इतकीच गोष्ट. एरवी ती पाण्याबरोबर वाहून गेली असती, पण त्या दिवसांत मी 'मंगोलांचा गुप्त इतिहास' वाचत होतो, आणि आदल्या रात्री ज्या पानाशी येऊन थांबलो होतो त्या पानावरही मुलांची उंचीच मोजली जात होती.

ते पान 1202 सालचे. तेमुजिन अजून चंगीझ खान झालेला नाही. तो स्तेपवरच्या, म्हणजे तिथल्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशातल्या, अनेक टोळीप्रमुखांपैकी एक आहे, फार तर त्यांतला वरचढ. त्याने तातार टोळीचा निर्णायक पराभव केला आहे आणि हाती लागलेल्या माणसांचे काय करायचे, हे ठरवायला त्याच्या बोरजिगिन कुळातले कर्ते पुरुष एका तंबूत गुप्तपणे बसले आहेत. निर्णय असा होतो की तातारांनी आमचे वाडवडील मारले, त्याचा सूड म्हणून त्यांच्या पुरुषांना गाडीच्या आसाच्या खिळीशी उभे करायचे, खिळीहून उंच असेल त्याला मारायचे आणि उरलेल्यांना गुलाम म्हणून आपसांत वाटून घ्यायचे. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला जी खीळ ठोकतात, ती चाकाच्या मध्याशी, म्हणजे चाकाच्या निम्म्या उंचीवर असते. तिच्याखाली मावेल ते लहान मूलच. या निवाड्यात वय विचारायचे नाही, हातात शस्त्र होते का ते पाहायचे नाही. ज्या गाडीवर तंबूचे नमदे, कढया आणि म्हाताऱ्या बायका लादून ही माणसे कुरणामागे कुरण फिरत, ती घरचीच गाडी मापाला पुरली. तंबूतल्या त्या बैठकीत कोणाचा आवाज चढल्याचे ग्रंथकार सांगत नाही, आणि मला नेमके तेच खटकत राहिले. संतापाच्या भरात झालेली कत्तल समजू शकते. ही ठरवून, मापाची सोय पाहून केलेली होती.

सुडाचे कारण खोटे नव्हते. तेमुजिन नऊ वर्षांचा असताना त्याचे वडील येसुगेई त्याला भावी वधूच्या, बोर्तेच्या घरी ठेवून परत निघाले. वाटेत तातारांची मेजवानी चालली होती. तहान लागली म्हणून ते तिथे उतरले. तातारांनी जुना वैरी ओळखला आणि पेयात विष कालवले. घरी पोहोचेपर्यंत ते कसेबसे तगले. गंमत अशी की ज्या मुलाला हा सूड पुढे घ्यायचा होता, त्याचे नावच येसुगेईने पकडून आणलेल्या एका तातार सरदारावरून ठेवलेले होते. आपल्या बखरींची सवय असलेल्या वाचकाला या ग्रंथाचे नवल वाटते ते इथे. राजघराण्याने स्वतःसाठी लिहवून घेतलेला इतिहास, आणि त्यात बाप व्याह्याला सांगतो की माझा पोरगा कुत्र्यांना घाबरतो, त्याला जरा जपा. मूळ पुरुषाचा जन्म, त्याच्या मुठीत असलेली रक्ताची गुठळी, हे सगळे यथासांग येते; पण कुत्र्यांची भीतीही गाळलेली नाही. पुढच्या काळात चिनी दरबाराने दुभाषे शिकवण्यासाठी हा मंगोल मजकूर चिनी अक्षरांतून उच्चारानुसार उतरवून घेतला, म्हणून तो आपल्यापर्यंत पोहोचला. भाषा शिकणाऱ्या कारकुनांच्या सोयीमुळे एका सम्राटाच्या लहानपणीची भित्री बाजू टिकली.

येसुगेई गेल्यानंतर जे झाले, त्याला मी या साऱ्या कथेचा कणा मानतो. तायचिउत हे भाऊबंदच. पण वसंतातल्या पितरांच्या नैवेद्यात त्यांनी विधवा होएलुनला वाटा दिला नाही आणि तळ हलवताना तिला मुलांसकट मागे टाकून ते निघून गेले. होएलुन डोक्यावरचे उंच शिरोवस्त्र घट्ट बांधून, कमरेला पट्टा कसून ओनोन नदीच्या काठाने वरखाली धावत रानबोरांसारखी फळे वेचत राहिली, टोकदार काठीने कंद उकरत राहिली, रानकांदा आणि रानलसूण यांवर मुले जगवत राहिली. मुलांनी सुया वाकवून गळ केले आणि मासे धरले. अशाच एका माशावरून आणि एका चंडोलावरून भांडण पेटले, आणि तेमुजिनने धाकटा भाऊ खासार याच्यासह सावत्र भाऊ बेख्तेर याला पुढून आणि मागून बाण मारून ठार केले. मांडी घालून बसलेल्या बेख्तेरने मरण्यापूर्वी एवढेच मागितले की माझ्या सख्ख्या भावाला, बेलगुतेईला सोडा. होएलुनने घरात शिरणाऱ्या मुलांचे चेहरे पाहताच ओळखले. तिने त्यांना ज्या शिव्या दिल्या त्यांत स्वतःचीच वार चावणारा कुत्रा आहे, आपल्याच सावलीवर तुटून पडणारा ससाणा आहे. आणि शेवटी तिचे म्हणणे असे की आपल्या सावलीवाचून आपल्याला दुसरा सोबती नाही, अशा वेळी तुम्ही हे केलेत.

पुढे तायचिउतांनी तेमुजिनला पकडून मानेत लाकडी खोडा अडकवला, तेव्हा त्याला सोडवणारा माणूस तायचिउतांच्या तळावरचाच, पण त्यांच्या कुळाबाहेरचा होता. सोरखान शिरा नावाच्या या चाकराने नदीत नाकापर्यंत बुडून राहिलेल्या मुलाला पाहिले, न पाहिल्यासारखे केले आणि नंतर घरी लोकरीने भरलेल्या गाडीत दडवले. कडक उन्हाळा होता. शोधायला आलेले लोक लोकर उपसू लागले तेव्हा तो म्हणाला, इतक्या उकाड्यात लोकरीत माणूस जगेल तरी का? तेमुजिनचे घोडे चोरीला गेले तेव्हा ओळखपाळख नसलेला बोओर्चू हातातले दूध काढण्याचे काम टाकून त्याच्याबरोबर निघाला. मेर्कितांनी बोर्तेला पळवून नेले, तेव्हा सोडवायला आले ते केराईतांचा प्रमुख तोघरुल आणि मानलेला भाऊ जमुखा. आणि पुढे या दोघांशीही त्याची लढाई झाली. ही यादी मी मनाशी पुन्हा पुन्हा लावून पाहिली. ज्यांच्यावर रक्ताने हक्क होता त्यांनी टाकले, आणि जे कोणाचे कोणी नव्हते त्यांनी तारले. या मुलाच्या मनात नात्याची उलटी व्याख्या तयार झाली नसती तरच नवल, आणि त्याचे पुढचे राज्य याच व्याख्येवर उभे राहिले, असे मला वाटते.

तातारांकडे परत यायला हवे.

त्या तंबूतला निर्णय गुप्त राहिला नाही. बाहेर पडताना बेलगुतेईला एका तातार सरदाराने विचारले, काय ठरले? त्याने सरळ सांगून टाकले. त्यामुळे तातारांनी आडोसा करून झुंज दिली, आणि जे पकडले गेले त्यांनी अस्तनीत सुरे लपवून मारणाऱ्याला सोबत नेले. बेलगुतेईला यापुढे मोठ्या बैठकांना बंदी झाली. बेख्तेरने मरताना ज्याचा जीव मागून घेतला होता तोच हा भाऊ. त्याने हे जाणूनबुजून केले असेल का, असा विचार मनात येतो, पण ग्रंथात तो भाबडेपणाच ठरतो. ज्या सरदाराला त्याने सांगितले, त्याच्या दोन मुली, येसुगेन आणि येसुई, तेमुजिनने बायका केल्या. त्यानंतर एके दिवशी तेमुजिन त्या दोघींच्या मध्ये उघड्यावर पीत बसला असताना येसुईने मोठा सुस्कारा टाकला. बाईने एक श्वास जरा लांब घेतला, बस्स. तेमुजिनने मुखली आणि बोओर्चू या आपल्या सरदारांना बोलावून आज्ञा केली की इथे जमलेल्या सगळ्यांना ज्याच्या त्याच्या टोळीप्रमाणे वेगळे उभे करा. माणसे सरकली, गट झाले, आणि मध्ये एक देखणा, चपळ तरुण एकटाच उरला, कारण त्याला सरकून जायला गटच नव्हता. विचारल्यावर तो म्हणाला, येसुईशी माझे लग्न ठरले होते. लुटालूट झाली तेव्हा पळालो, आता निवळले असेल, एवढ्या माणसांत मला कोण ओळखणार म्हणून आलो. त्याला मारण्याचा हुकूम देताना तेमुजिनने जे कारण सांगितले त्यात ती खीळ पुन्हा येते: याच्यासारख्यांना आपण आसाच्या खिळीशी मोजून संपवले आहे, मग आता विचार कसला?

माझ्या लेखी ही गोष्ट कत्तलीपेक्षाही जास्त सांगणारी आहे. एवढ्या माणसांत शत्रू शोधायचा असेल तर चेहरे तपासत बसायचे नाही. प्रत्येकाला त्याची जागा घ्यायला सांगायचे, आणि ज्याला जागा नाही तो आपोआप उघडा पडतो. 1206 साली ओनोनच्या उगमाशी कुरुलताई, म्हणजे टोळ्यांची महासभा, भरली, नऊ पुच्छांचे पांढरे निशाण उभारले गेले आणि तेमुजिन चंगीझ खान झाला, तेव्हा त्याने साऱ्या स्तेपला हेच करायला सांगितले. दहा माणसांची तुकडी, दहा तुकड्यांचा शंभर, दहा शंभरांचा हजार. अशा 95 हजारांत लोक बांधले गेले. दशमान पद्धत त्याची स्वतःची नव्हे, ती स्तेपवर शतकानुशतके होती. नवे होते ते तिच्यात माणसे भरण्याचे धोरण. केराईत 1203 मध्ये हरले, नैमान 1204 मध्ये, आणि त्यांतले बहुतेक एकत्र राहू न देता वेगवेगळ्या हजारांत वाटून टाकले गेले. सुरुवातीपासून निष्ठेने राहिलेल्या काहींना मात्र आपले लोक आपल्याकडे ठेवता आले. आपली तुकडी सोडून दुसरीकडे जाणाऱ्याला मृत्युदंड होता, असे जुवैनी हा फारसी इतिहासकार लिहितो. सोरखान शिरा आणि बोओर्चू हजारांचे प्रमुख झाले. मेंढपाळ आणि सुतार यांनाही हजार मिळाले. ज्या भाऊबंदांनी नैवेद्याचा वाटा नाकारला होता, त्यांच्या 'भाऊबंद' या गोष्टीलाच त्याने जागा ठेवली नाही. हे वाचताना मला आत कुठेतरी बरे वाटते, हे मी नाकारत नाही. जन्माच्या कुळावरून माणसाची किंमत ठरू नये, असे वाटणाऱ्या कोणालाही ते वाटेल. आणि लगेच आठवते की कुळ मोडण्याची पहिली रीत ती गाडी होती.

अलीकडे अमेरिकन संशोधकांनी मध्य मंगोलियातल्या जुन्या पाइन वृक्षांच्या खोडातील वर्तुळे मोजून दाखवले की 1211 ते 1225 ही वर्षे तिथे असाधारण ओली आणि सौम्य गेली, म्हणजे गवत भरपूर, म्हणजे घोडेही भरपूर. एकेका स्वारामागे अनेक घोडी असलेल्या सैन्याला याहून मोठी रसद ती कोणती? साम्राज्याचे श्रेय पावसाला द्यायला मी तयार नाही, पण गवत नसते तर त्याच तुकड्या चीनच्या भिंतीपर्यंत पोहोचून उपाशी परतल्या असत्या, हेही खरे.

होएलुनच्या तंबूतला एक प्रसंग मात्र सावकाश सांगायला हवा. तातारांच्या कत्तलीतून खार्गिल शिरा नावाचा एक माणूस निसटला होता. रानोमाळ भटकून, भुकेने व्याकूळ होऊन तो एक दिवस तिच्या दारात आला आणि काहीतरी खायला द्या म्हणाला. भुकेला आहेस तर बस तिथे, म्हणून तिने त्याला दाराच्या मागे, पश्चिमेकडच्या बैठकीच्या टोकाशी बसवले. तेवढ्यात तिचा पाच वर्षांचा नातू, चंगीझ खानाचा धाकटा मुलगा तोलुई, बाहेरून आत आला आणि पुन्हा बाहेर पळत सुटला. खार्गिल शिराने उठून त्याला काखेत मारले आणि बाहेर जाता जाता सुरा उपसू लागला. पोर गेले, असे होएलुन ओरडली. पूर्वेच्या बाजूला बोरोखुलची बायको अल्तानी बसली होती. ती धावली, एका हाताने तिने त्याची वेणी धरली, दुसऱ्या हाताने सुऱ्याचा हात, आणि असा हिसका दिला की सुरा खाली पडला. तंबूमागे जेतेई आणि जेल्मे बिनशिंगी काळा बैल कापत होते. ते हातातली कुऱ्हाड आणि रक्ताने माखलेल्या मुठी तशाच घेऊन आले आणि त्यांनी त्या माणसाला मारले. मग तिघांत वाद झाला की मुलगा वाचवण्याचे श्रेय कोणाचे, आणि शेवटी ते अल्तानीचे ठरले. अल्तानीचा नवरा बोरोखुल हाही जुरकिनांच्या उद्ध्वस्त तळावर सापडलेला मुलगा, होएलुनने वाढवलेला. म्हणजे एका उद्ध्वस्त टोळीच्या शेवटच्या माणसाने ज्या मुलावर सुरा उचलला, त्याला वाचवले दुसऱ्या उद्ध्वस्त टोळीतल्या पोरक्याच्या बायकोने. ज्याच्याकडे तातारांपैकी कोणीच उरले नव्हते, तो खिळीचा हिशेब आपल्या परीने चुकता करायला आला होता, आणि त्यालाही मापात बसणारे पाच वर्षांचे पोरच सापडले. त्याच तोलुईने 1221 मध्ये मध्य आशियातले मर्व्ह जिंकल्यावर शहर रिकामे करून लोकांना मैदानात आणवले. जुवैनीच्या म्हणण्यानुसार सुमारे चारशे कारागीर आणि काही मुले बाजूला काढून बाकीच्यांना तुकड्यांना वाटून मारण्यात आले. मृतांचे त्याने दिलेले आकडे अतिशयोक्त आहेत यात शंका नाही. पण बाजूला काढण्याची पद्धत त्याने रचलेली नाही. फरक एवढाच की आता खिळीऐवजी हातातले कसब हे माप होते.

तरी या सगळ्यात मला ज्याच्याबद्दल सर्वांत जास्त वाचावेसे वाटते तो शिगी खुतुखु. 1196 च्या सुमारास तातारांच्या एका लुटलेल्या तळावर मागे राहिलेला मुलगा सापडला, नाकात सोन्याची कडी आणि अंगात सोन्याच्या कलाबुतीची, सेबलचे अस्तर लावलेली बंडी घातलेला. मोठ्या घरचे पोर दिसते, म्हणून होएलुनने त्याला पदरात घेतले. चार टोळ्यांतली चार पोरकी मुले तिने अशी वाढवली. दिवसा पाहायला डोळे आणि रात्री ऐकायला कान म्हणून. शिगी खुतुखु तातार होता. काही वर्षांनी त्याच्याच लोकांना चाकाशी उभे करण्यात आले तेव्हा तो याच तळावर राहत होता. 1206 मध्ये चंगीझ खानाने त्यालाच मुख्य न्यायाधीश नेमले. कोणती माणसे कोणाच्या वाट्याला दिली आणि कोणत्या खटल्यात काय निवाडा झाला, हे पांढऱ्या कागदावर निळ्या शाईने लिहून वही कर आणि तुझ्याशी ठरवून मी जे मान्य केले ते माझ्या वंशजांच्या वंशजांनीही बदलू नये, अशी आज्ञा झाली. लिपीही अलीकडेच आलेली होती. नैमानांच्या पराभवात हाती लागलेल्या ताता-तोंगा या उईघुर मुद्राधाऱ्याकडून ती राजपुत्र शिकले.

1215 मध्ये उत्तर चीनच्या जिन राजवंशाची राजधानी झोंगदू (आजचे बीजिंग) पडली, तेव्हा खजिना मोजायला तिघांना पाठवले होते. तिथल्या अधिकाऱ्याने जरीची वस्त्रे भेट म्हणून पुढे केली. दोघांनी घेतली. शिगी खुतुखु म्हणाला, काल हे सगळे तुमच्या राजाचे होते, आज चंगीझ खानाचे आहे, मग त्याची वस्तू तू मला चोरून कशी देतोस? ही निष्ठा इतकी स्वच्छ आहे की अंगावर येते. 1221 मध्ये आजच्या अफगाणिस्तानातल्या परवानच्या लढाईत ख्वारझमच्या जलालुद्दीनने त्याचा पराभव केला. त्या सगळ्या मोहिमेतला मंगोलांचा तो सर्वांत ठळक पराभव, पण चंगीझ खान त्याच्यावर भडकला नाही. त्याला नेहमी जिंकायचीच सवय होती, आता नशिबाचा फटका कळल्यावर सावध होईल, एवढेच म्हणाला, आणि स्वतः निघून जलालुद्दीनला सिंधूच्या काठावर गाठले. घोडा नदीत घालून पलीकडे निसटलेल्या त्या राजपुत्राला दिल्लीच्या इल्तुतमिशने आसरा दिला नाही, त्यामागे नदीच्या अलीकडे थांबलेल्या या सैन्याचीच भीती होती.

चंगीझ खान 1227 मध्ये वारला. शिगी खुतुखु त्याच्यानंतर अनेक वर्षे जगला. चंगीझ खानाचा मुलगा आणि वारस ओगदेई याच्या काळात, 1235-36 मध्ये, जिंकलेल्या उत्तर चीनची घरे मोजण्याचे काम त्याच्याकडे आले. त्या नोंदींच्या आधाराने जिल्हे आणि कुटुंबे राजघराण्यातल्या लोकांत वाटली गेली, आणि येलू चुत्साई या मंत्र्याने धडपड केली नसती तर त्यांच्याकडून हवा तसा कर उपटण्याची मोकळीकही त्या मालकांना मिळाली असती. रशीद-उद-दीन हा फारसी इतिहासकार शिगी खुतुखुच्या न्यायदानाविषयी एक आठवण देतो. आरोपीला तो सांगत असे की भीतीपोटी गुन्हा कबूल करू नकोस. घाबरू नकोस, जे खरे असेल ते बोल. त्याने दिलेले निवाडे पुढे मंगोल न्यायाचा आधार झाले, असेही तो म्हणतो. तातार तळावर सापडलेल्या माणसाला भीतीपोटी दिलेल्या कबुलीची किंमत ठाऊक असणार, असे मानायचा मोह होतो. पण त्याच माणसाने कुटुंबे मोजून वाटण्याच्या याद्याही तितक्याच काटेकोरपणे केल्या, आणि या दोन कामांत काही विसंगती आहे असे त्याला वाटल्याची खूण मला त्याच्या चरित्रात कुठेही दिसत नाही.